बारावीनंतर अमेरिकेतल्या ज्युनियर कॉलेजात बास्केटबॉल: जागा कुठे असते, कोच काय बघतो, कागद कधी लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा बारावी कॉमर्सला, उंची ६ फूट ३ इंच, विभागाकडून राज्य शालेय स्पर्धा खेळलेला, संघात सेंटर (रिंगेजवळ खेळणारा उंच खेळाडू). घरून वर्षाला दहा लाखांपर्यंत खर्च झेपेल. एक एजंट चार लाख घेऊन अमेरिकेत 'फुल स्कॉलरशिप' मिळवून देतो म्हणतो. तिथल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात (म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, बारावीनंतरचं कॉलेज) याला खरंच घेतील का?

घेऊ शकतात. पण 'मुलगा पुरेसा चांगला आहे का' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. खरा प्रश्न असा की येत्या ऑगस्टमध्ये कोणत्या कोचकडे त्याच्यासारख्या खेळाडूची जागा रिकामी आहे, आणि त्या तारखेपर्यंत तो व्हिसासकट तिथे पोहोचू शकेल का. तुल्यबळ दोन मुलांपैकी ज्याचे कागद तयार आहेत तो जातो, हे या क्षेत्रात सतत दिसतं.

आधी तिथली रचना. बहुतेक ज्युनियर कॉलेजं एन.जे.सी.ए.ए. या संघटनेखाली खेळतात आणि तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात ट्यूशन (म्हणजे कॉलेजचं शिक्षणशुल्क), फी, पुस्तकं, राहणं आणि जेवण एवढं सगळं स्कॉलरशिपमध्ये देता येतं. दुसऱ्यात ट्यूशन, फी आणि पुस्तकांपुरतंच. तिसऱ्यात खेळासाठी पैसे देताच येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची (ज्युनियर कॉलेजांचंच दुसरं नाव) संघटना वेगळी आहे, तिथेही क्रीडा स्कॉलरशिप नाही. वॉशिंग्टन-ओरेगॉनकडच्या संघटनेत मिळते, पण थोडी. पहिल्या दोन विभागांत एका संघाला जास्तीत जास्त १५ स्कॉलरशिप देता येतात. ही नियमाची कमाल मर्यादा आहे. प्रत्येक कॉलेजकडे तेवढे पैसे असतातच असं नाही, त्यामुळे अर्धी किंवा पाव स्कॉलरशिप ही नेहमीची गोष्ट.

कोर्स दोन वर्षांचा असल्याने दर वसंतात निम्मा संघ बाहेर पडतो. वर कोणी मधेच दुसरीकडे जातो, कोणी नापास होतो. म्हणून कोचला दरवर्षी सहा-आठ-दहा खेळाडू नव्याने शोधावे लागतात, आणि तेही घाईने. सामने नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत चालतात, राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये. भरतीचा खरा जोर मार्च ते जुलै. बारावीची परीक्षा आणि निकाल नेमके याच काळात येतात, हे तुमच्या पथ्यावर पडू शकतं किंवा मुळावर येऊ शकतं. त्याकडे पुढे येतो.

पातळीबद्दल भ्रम नको. पहिल्या विभागातली टेक्ससची साउथ प्लेन्स, आयोवाची इंडियन हिल्स, कॅन्ससची हचिन्सन यांसारखी कॉलेजं मोठ्या विद्यापीठांना खेळाडू पुरवतात. जिमी बटलर टेक्ससच्या टायलर ज्युनियर कॉलेजातून मार्केट (Marquette) विद्यापीठात आणि तिथून एन.बी.ए.मध्ये गेला. शिवाय गेल्या काही वर्षांत गर्दी वाढली आहे. चार वर्षांच्या विद्यापीठांत ट्रान्सफर सोपी झाल्याने तिथले कोच अठराच्या पोरापेक्षा बावीस-तेविसाचा तयार खेळाडू घेतात, आणि एरवी थेट तिकडे गेली असती अशी मुलं ज्युनियर कॉलेजात उतरतात. राज्य शालेय पातळीवरच्या मुलासाठी दुसरा विभाग, आणि पैशाचं गणित बसलं तर तिसरा, हे वास्तव लक्ष्य धरा. पहिल्या विभागातल्या तळाच्या संघांना जरूर लिहा, पण सगळी मदार त्यावर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मैदानावरची जागा. तुमचा मुलगा इथे सेंटर आहे कारण त्याच्या संघात तोच उंच आहे. तिकडे ६ फूट ३ इंच ही गार्डची, म्हणजे बाहेरून चेंडू नेणाऱ्या-खेळवणाऱ्याची उंची. सेंटर ६ फूट ८ इंचांच्या पुढे, आणि विंगवर, म्हणजे कडेला खेळणारी बरीच मुलं ६ फूट ५-६ इंच. म्हणजे रिंगेकडे पाठ करून चेंडू घेणं, खांद्याने ढकलत आत जाऊन टाकणं, रिबाउंड घेऊन लगेच परत टाकणं, यांतलं जवळजवळ काहीच त्या कोचच्या उपयोगाचं नाही. तो या उंचीच्या मुलात चार गोष्टी शोधतो. अंगावर दबाव असताना चेंडू पूर्ण कोर्ट नेता येतो का. स्क्रीनवरून (सहकाऱ्याने बचाव करणाऱ्याला अडवून दिलेल्या आडोशावरून) बाहेर आल्यावर पास, शॉट की आत घुसणं, हे त्याला लगेच उमगतं का. झेलल्या झेलल्या लांबून तीन गुणांचा शॉट जातो का. आणि बचावात स्वतःच्या माणसासमोर पाय हलतात का. तिथे शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत) ३० सेकंदांचा आहे, तीनची रेषा आपल्या ओळखीच्या फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराइतकीच. अंतर नवं नाही, वेग नवा आहे.

त्यामुळे त्याच्या प्रशिक्षकांशी आत्ताच स्पष्ट बोला. क्लबच्या सामन्यांत, सराव सामन्यांत त्याला बाहेरून खेळवा. शाळेचा संघ हरेल म्हणून ते नाही म्हणतील, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच असतात. मग निदान वेगळ्या गटात, मोठ्या मुलांविरुद्ध गार्ड म्हणून खेळण्याची सोय बघा. यात सहा महिने ते वर्ष जातं. म्हणून बारावीनंतर लगेच या ऑगस्टला जायचं की एक वर्ष थांबायचं, हे सर्वस्वी त्याच्या हाताळणीवर अवलंबून आहे. आज तो डाव्या हाताने, मान वर ठेवून, बचाव करणाऱ्यासमोर चेंडू नेऊ शकत नसेल तर थांबणं शहाणपणाचं. थांबण्यात एक खाच आहे, तीही पुढे सांगतो.

व्हिडिओ हीच त्याची चाचणी, कारण पुण्या-नागपूरला येऊन कोणी बघणार नाही. हायलाइट तीन ते चार मिनिटांचा, वीस-पंचवीस क्लिप. पहिल्या तीस सेकंदांत सर्वोत्तम पाच, कारण पुष्कळ कोच तिथेच बंद करतात. प्रत्येक क्लिप हालचालीच्या दोन-तीन सेकंद आधीपासून सुरू करा, म्हणजे त्याने बचाव वाचला की नशिबाने मोकळा सापडला ते कळतं. सुरुवातीला त्याच्यावर बाण किंवा वर्तुळ. गाणं नको, स्लो मोशन नको, वॉर्म-अपमधला डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगेत कोंबणं) नको. पाच-सहा क्लिप बचावाच्या हव्यातच, नसल्या की कोच समजायचं ते समजतो. सोबत दोन पूर्ण सामन्यांची लिंक, त्यातला एक चांगल्या संघाविरुद्ध, हरलेला असला तरी चालेल. हायलाइट आवडला की कोच पूर्ण सामना उघडतो आणि चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो तेच बघतो. परत बचावाला पळतो का, बदली झाल्यावर बाकावर कसा बसतो, हेसुद्धा.

चित्रीकरणात आपल्याकडे ठरलेल्या चुका होतात. फोन आडवा, मध्यरेषेच्या बाजूला, गॅलरीत किंवा टेबलावर उंच, ट्रायपॉडवर. दहाच्या दहा खेळाडू दिसले पाहिजेत. झूम करून फक्त आपल्या मुलामागे धावलात तर ते फुटेज वाया गेलं. सिमेंटच्या उघड्या कोर्टवर संध्याकाळचा सामना असेल तर कॅमेरा पश्चिमेच्या बाजूला ठेवा, ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येईल. उलट ठेवलात तर सगळे खेळाडू काळे दिसतात आणि जर्सीचा नंबर वाचता येत नाही. आवाज बंद करून टाका, काकांची आरडाओरड कोणाला ऐकायची नसते. जोडीला सलग पन्नास तीनच्या शॉटचा एक व्हिडिओ करा, एकही कट न करता. त्यात ३० पडले तर ३० पडले; कट दिसला की विश्वास गेला.

मापं खरी द्या. उंची बूट काढून, भिंतीला टाच लावून. हातांचा पल्ला आणि उभ्याने हात वर करून पोहोच, फूट-इंचांत, वजन पौंडांत. ६ फूट ३ इंच ही बुटांसकटची असेल तर मुलगा उतरल्यावर पहिल्याच दिवशी कळतं. उलट पल्ला ६ फूट ७ इंच निघाला तर ती ईमेलच्या पहिल्या ओळीतली गोष्ट आहे.

कॉलेजं निवडताना क्रमवारी बघण्याआधी संघाची यादी बघा. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर रोस्टर असतं आणि नावापुढे पहिलं वर्ष की दुसरं ते लिहिलेलं असतं. दुसऱ्या वर्षाचे किती गार्ड आहेत ते मोजा. चारपैकी तीन बाहेर पडत असतील तर तिथे जागा. यादीत आधीपासून परदेशी मुलं असतील तर त्या कॉलेजच्या ऑफिसला आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा प्रवेशाचा कागद) काढण्याची सवय आहे, हा मोठा फायदा. नसतील तर आधी एवढं तपासा की त्या कॉलेजला एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरचे) विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता आहे का; सगळ्याच कम्युनिटी कॉलेजांना ती नसते. वसतिगृह आहे का तेही बघा. डॅलससारख्या शहरातल्या तिसऱ्या विभागाच्या कॉलेजांत ते सहसा नसतं, मग घरभाडं आणि येण्याजाण्याची सोय आपल्या गळ्यात. मार्च-एप्रिलमध्ये कोच बदलला की नवा कोच घाईत संघ उभा करतो. अशा बातम्यांवर नजर ठेवा, तिथे उत्तर येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

अशी साठ-सत्तर कॉलेजं काढा. मुख्य कोच आणि सहायक कोच, दोघांनाही लिहा. व्हिडिओ बहुधा सहायकच आधी बघतो. मेल मुलाने स्वतः लिहायचा, इंग्रजीत, आठ-दहा ओळींत. विषयाच्या ओळीत एवढंच: प्रवेशाचं वर्ष, खेळण्याची जागा, उंची, देश. आत पहिल्या ओळीत त्या कोचच्या संघाबद्दल एक खरी गोष्ट, उदाहरणार्थ 'तुमचे तीन गार्ड यंदा बाहेर पडत आहेत'. मग मापं, हायलाइटची लिंक, पूर्ण सामन्यांच्या लिंक, बारावीचा निकाल कधी, इंग्रजीच्या परीक्षेचा गुण, पासपोर्ट तयार आहे का, आणि घरून वर्षाला किती डॉलर भरता येतील. हा शेवटचा आकडा लिहायला आपल्याला संकोच वाटतो, पण कोचच्या दृष्टीने तो फार उपयोगी असतो. त्याच्याकडे अर्धी स्कॉलरशिप उरली असेल तर कोणाला फोन करायचा ते त्याला लगेच समजतं. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रांचे स्कॅन जोडू नका. बोर्डात त्यांचे ग्रेस गुण मिळतात, तिकडे त्यांचा अर्थ कोणाला लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी नवा व्हिडिओ असेल तरच पुन्हा लिहा. फोन आला तर आपल्याकडे रात्र असेल आणि फोनवर मुलगाच बोलेल. पालकांनी पैशांचा विषय निघाल्यावर यावं.

आता तुमचे दहा लाख. आजच्या दराने ते साधारण ११ हजार डॉलर. एका कॉलेजचा हिशेब उदाहरणादाखल मांडू: ट्यूशन आणि फी ८,०००, पुस्तकं १,०००, राहणं-जेवण ८,५००, आरोग्य विमा १,८००, विमान आणि वरखर्च ३,०००. एकूण २२,३०० डॉलर. दुसऱ्या विभागाची पूर्ण स्कॉलरशिप यातले ९,००० उचलेल, उरले १३,३००. म्हणजे 'फुल' मिळूनही तुमच्या आकड्याच्या वर. पहिल्या विभागाची पूर्ण मिळाली तर १७,५०० सुटतात आणि ४,८०० उरतात. त्यातही राहण्या-जेवण्याच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याचा १४ टक्के कर कापला जातो, या उदाहरणात १,१९० डॉलर, आणि कॉलेज तो खात्यावर येणं म्हणून दाखवतं. पुढच्या वसंतात रिटर्न भरलं की भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि तो बहुधा परत येतो. पण तोवर खिशातून जातो. नोकरी करून भरून काढू म्हणाल तर सत्र चालू असताना एफ-१वर कॅम्पसमध्येच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, आणि सराव, प्रवास सांभाळून तेवढे तास निघत नाहीत.

कागदांचं वेळापत्रक मागून पुढे मोजा. सत्र ऑगस्टच्या मध्यानंतर सुरू. त्याआधी व्हिसा, त्याआधी मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत, त्याआधी सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० आणि व्हिसाचे १८५ डॉलर, त्याआधी आय-२०. आय-२०साठी बारावीचा निकाल, बँकेचं स्टेटमेंट आणि कॉलेजचं स्कॉलरशिपचं पत्र. निकाल मे महिन्यात येतो. म्हणजे निकालानंतर कामाला लागलात तर हातात जेमतेम तीन महिने. म्हणून पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, आणि नववी ते अकरावीच्या मार्कशीट शाळा-कॉलेजच्या शिक्क्यानिशी डिसेंबरपर्यंत तयार ठेवा. नववी आणि अकरावीच्या मार्कशीट लोक हमखास विसरतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीत ऑफिसला क्लार्क सापडत नाही. या मार्कशीटचं अमेरिकी पद्धतीने मूल्यांकन कोणत्या संस्थेकडून चालेल ते प्रत्येक कॉलेजला विचारूनच पैसे भरा. ऑगस्ट हुकलाच तर जानेवारीची खिडकी असते. तेव्हा संघात कोणी नापास झालेला किंवा जायबंदी असतो, पण जागा एखाद-दुसरीच.

मुलाखतीत मुलाला तीन गोष्टी न अडखळता सांगता आल्या पाहिजेत: काय शिकणार, खर्च कोण करणार, दोन वर्षांनी काय. 'बास्केटबॉल खेळायला चाललोय' एवढंच उत्तर विद्यार्थी व्हिसासाठी पुरत नाही.

आता ती खाच. थांबायचं ठरवलं की आपल्याकडे सहज एफ.वाय. बी.कॉम.ला नाव घालून ठेवतात, 'वर्ष फुकट नको' म्हणून. पण चार वर्षांच्या विद्यापीठांची संघटना एन.सी.ए.ए. हिच्या पहिल्या विभागात खेळण्यासाठीचं पाच वर्षांचं घड्याळ कोणत्याही देशात, कोणत्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून सुरू होतं. इथलं एक वर्ष आणि ज्युनियर कॉलेजची दोन गेली की पुढे दोनच उरतात. शिवाय बारावीनंतर वर्षभराहून जास्त काळ स्पर्धा खेळत राहिलं तर तिथला एक मोसम कापला जाऊ शकतो. थांबायचं असेल तर पूर्णवेळ प्रवेश न घेता, एकच वर्ष. पगारी लीग किंवा खेळाडू कोट्यातली नोकरी यांकडे वळण्याआधीही विचार करा, हौशी खेळाडू असल्याचे प्रश्न तिथून निघतात. हे नियम सध्या हलते आहेत. डिसेंबर २०२४मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू, आधी ज्युनियर कॉलेजात खेळलेला डिएगो पाविया याच्या बाजूने न्यायालयाचा आदेश आला आणि ज्युनियर कॉलेजची वर्षं मोजावीत का हाच वाद पेटला. एन.सी.ए.ए.ने २०२५-२६पुरती सूट दिली. त्या सवलतीच्या भरवशावर बेत आखू नका.

पुढच्या उडीसाठी अभ्यास खेळाइतकाच मोजला जातो. एन.जे.सी.ए.ए.मध्ये दुसरा मोसम खेळायला २४ क्रेडिट (विषय पास झाल्यावर मिळणारे अभ्यासाचे एकक) आणि ४ पैकी २.० सरासरी लागते. विद्यापीठात जाताना एन.सी.ए.ए. पहिला विभाग २.५ मागतो, आणि तीही पुढे ग्राह्य धरल्या जाणाऱ्या विषयांत. बारावीच्या विषयांवर जो थेट पात्र ठरत नाही त्याला ज्युनियर कॉलेजची पदवी पूर्ण करून इंग्रजीची ६, गणिताची ३, विज्ञानाची ३ क्रेडिट दाखवावी लागतात. कॉमर्सला गणित सोडलं असेल तर तुमचा मुलगा या गटात जाण्याची शक्यता धरून चाला. यात हमखास फसगत होते ती प्रवेशानंतरच्या गणित-इंग्रजीच्या चाचणीत. मुलं ती तयारी न करता देतात, पूर्वतयारीच्या वर्गात बसवली जातात, आणि त्या वर्गांची क्रेडिट पुढे धरली जात नाहीत. दोन आठवडे बीजगणित उजळून ती चाचणी दिली तर अख्खं सत्र वाचतं.

एजंटचे चार लाख मी देणार नाही. त्याने करायचं काम म्हणजे यादी, मेल, व्हिडिओ, आणि ते वर सांगितलं आहे. 'फुल' म्हणजे कोणत्या विभागाचं, हे त्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा. स्कॉलरशिपच्या रकमेवर टक्केवारी मागत असेल तर ते एन.सी.ए.ए.च्या नियमांत बसत नाही आणि पुढे मुलाच्याच पात्रतेवर बेतू शकतं. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या हाताळणी-प्रशिक्षकावर आणि इंग्रजीच्या परीक्षेवर घाला.

कोचने होकार दिला की सही करण्याआधी पत्रात हे लेखी मागा: कोणत्या बाबींचे पैसे आणि किती डॉलर, पत्र एकाच वर्षाचं आहे म्हणून दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण कशावर ठरेल, दुखापत झाली तर काय, विमा कोणता आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं बिल कोण भरेल, नाताळच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का. सही झाल्यावर एन.जे.सी.ए.ए.मधली इतर कॉलेजं त्याला बोलावू शकत नाहीत, म्हणून दुसरीकडे बोलणं चालू असेल तर आधी ते मिटवा. आणि त्या संघात आत्ता असलेल्या एखाद्या परदेशी खेळाडूचा नंबर कोचकडूनच मागून घ्या. कोचने तो द्यायला टाळाटाळ केली तर सही लांबवा.